पासंग

आमचे वडील पुण्याच्या भुसार बाजारात तोलणार होते. सकाळी दुकानाच्या फळ्या उघडल्या, की धान्याच्या पोत्याला हात लावण्यापूर्वी ते तुळईला टांगलेला मोठा तराजू प्रथम रिकामाच उभा करीत, दोन्ही पारडी हलायची थांबेपर्यंत स्तब्ध राहात, आणि जे पारडे यत्किंचित वर राहिलेले दिसे त्याच्या साखळीला सुतळीने एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधून, दांडी समतल झाली म्हणजे मगच गिऱ्हाइकाकडे वळत. त्या लहानशा वजनाला पासंग म्हणतात. अमुक गोष्ट तमुकाच्या पासंगालाही पुरणार नाही, असे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो, तेव्हा पासंग म्हणजे काहीतरी क्षुद्र आणि नगण्य, असा आपला समज असतो. परंतु त्या क्षुद्र खड्यावाचून दिवसभराचा सारा व्यवहार खोटा ठरला असता, हे मी वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी रोज पाहात होतो. प्रामाणिक माणसाच्या हातचा पासंग काट्यातला दोष काढतो आणि लबाड माणसाच्या हातचा पासंग काट्यात दोष घालतो, खडा मात्र तोच असतो, असे वडील सांगत.

दुकानात दुसरीही एक तागडी होती. तिच्या दांडीच्या आखूड बाजूला माल अडकविण्याचा आकडा होता आणि लांब बाजूवर खाचा पाडून त्यांवर पुढे-मागे सरकणारे एक वजन बसविलेले होते. मुठीएवढ्या त्या वजनाने अर्धे पोते तोलले जाताना पाहून मला विस्मय वाटे. एकदा मी वडिलांना त्याचे कारण विचारले. त्यांनी ते वजन टोकाकडे सरकविले आणि म्हणाले, "वजन वाढलं नाही, लांब गेलं."

पुढे माझे आयुष्य धान्यात न जाता लाकडात गेले. एका लाकडी सामानाच्या कारखान्यात उमेदवारी आणि त्यानंतर स्वतंत्रपणे घरे सजवून देण्याचा व्यवसाय, अशी चाळीसहून अधिक वर्षे मी इतरांच्या खोल्यांतून वावरलो. या काळात या विद्येवरची पुस्तके वाचली, जाणत्यांची व्याख्याने ऐकली, रंगांच्या आणि कापडांच्या नमुन्यांची बाडे सांभाळली. तथापि घरातील समतोल म्हणजे काय, या प्रश्नाचे जे उत्तर मला अखेर पटले, त्याचा मूळ खर्डा त्या दोन तागड्यांवरच लिहिलेला होता. तो वाचायला मला फार दिवस लागले, आणि त्यातली शेवटची ओळ तर एका गृहिणीने मला वाचून दाखविली.

कारखान्यात मी एकोणीस वर्षांचा उमेदवार असताना, १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही फुटले आणि शनिवार, नारायण, कसबा इत्यादी नदीकाठच्या पेठांतून पाण्याने हाहाकार उडविला. पाणी ओसरल्यानंतरच्या महिन्यांत आमच्या कारखान्यापुढे हातगाड्यांची रांग लागे. चिखलाने माखलेली कपाटे, सांधे निखळलेले पलंग, झाकणे फुगून घट्ट बसलेले पेटारे लोक घेऊन येत आणि, हे वाचेल का हो, असे रुग्णाविषयी विचारावे तशा स्वरात विचारीत. आमचे मिस्त्री कोणतीही वस्तू उन्हात ठेवू देत नसत. पाणी प्यालेले लाकूड घाईने वाळविले तर त्याची टोके आधी सुकतात, गाभा ओला राहतो, आणि तो ताण असह्य होऊन फळी उभी फाटते. म्हणून टोकांना मेण लावून, खाली विटा देऊन, ती वस्तू सावलीत वाऱ्यावर महिनोन्‌महिने पडू द्यायची, हा त्यांचा दंडक होता. आतले आणि बाहेरचे यांचा मेळ बसायला वेळ द्यावा लागतो, हा या व्यवसायातला मला मिळालेला पहिला धडा होय.

कोणाचे कोणते सामान, याची फेरिस्त करण्याचे काम मजकडे होते, आणि त्या निमित्ताने मी पडलेले वाडे आतून पाहिले. पांढऱ्या मातीच्या भिंती विरघळून त्यांचे ढिगारे झाले होते. परंतु पुष्कळ ठिकाणी सागवानी खांब, त्यांवरच्या तुळया आणि कडीपाट यांचा सांगाडा जसाच्या तसा उभा होता, आणि भिंतींचा पडदा दूर झाल्यामुळे त्या घरांचे गणित उघडे पडले होते. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. सोपा बहुधा तीन किंवा पाच खणांचा, म्हणजे विषम संख्येचा, त्यामुळे मधला खण आपोआप माजघराच्या दाराच्या वाट्याला येई. दाराच्या दोन्ही अंगांना सारख्या उंचीचे कोनाडे, पुढे चौक आणि चौकात तुळशीवृंदावन. एका बाजूला जे होते तेच दुसऱ्या बाजूला होते. ही समरूपता केवळ नेत्रसुखाकरिता नव्हती, हे मात्र त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही. मधल्या खणात बैठक असे, तीवर लोडाला टेकून घरचा कर्ता पुरुष बसे, आणि कुळे, कारकून, सोयरे-धायरे आपापल्या पायरीप्रमाणे दुतर्फा बसत. मध्यरेषेवर माणूस होता म्हणून दोन्ही बाजू सारख्या होत्या. मी तो माणूस वगळून केवळ सारखेपणा पाहिला, आणि समतोल म्हणजे सारखेपणा अशी खूणगाठ बांधून मोकळा झालो.

त्या खूणगाठीचे फळ मला १९६६ साली मिळाले. स्वतंत्र व्यवसाय सुरू करून वर्षही झाले नव्हते, तोच एरंडवण्यातील एका वकिलांच्या नव्या बंगल्याचा दिवाणखाना सजविण्याचे काम माझ्याकडे आले. खोली ऐसपैस, पैशाची अडचण नाही, मालकांनी मला पूर्ण मुखत्यारी दिलेली. मी खोलीच्या मध्यातून दोरी ताणली आणि तिच्या दोन्ही अंगांना एकसारखे दोन कोच, दोन तिपाया, तिपायांवर दोन दिवे, भिंतीशी काचेची दोन कपाटे आणि वर समान आकाराच्या चार तसबिरी अशी मांडणी केली. ओळंबा आणि पाणसळ लावून प्रत्येक अंतर तपासले. सुतभराचाही फरक नव्हता. महिन्याभराने हिशेबाकरिता गेलो, तेव्हा संध्याकाळची वेळ होती आणि सारे कुटुंब मागच्या अरुंद पडवीत वेताच्या खुर्च्यांवर दाटीवाटीने बसले होते. दिवाणखान्यात दिवाही लावलेला नव्हता. मी काही विचारण्यापूर्वीच वकिलांच्या मातोश्री म्हणाल्या, "खोली देखणी झालीय हो. पण तिथं बसलं, की वाटतं आता आपलं नाव पुकारतील."

त्या रात्री मला झोप आली नाही. त्या वृद्ध बाईंनी एका वाक्यात माझा सारा नकाशा खोडून टाकला होता. मी एका कुटुंबाकरिता कचेरी उभारली होती, आणि त्या कचेरीत मधले आसन रिकामे होते. दोन बाजू तंतोतंत सारख्या केल्या, की दृष्टी मधोमध जाऊन थांबते आणि तिथे कोणीतरी असावे अशी अपेक्षा करते. देवघरात तिथे देव असतो, मंगल कार्यात वधूवर असतात, जुन्या सोप्यात कर्ता पुरुष होता. ज्या घरात चार माणसे चार ठिकाणी बसून कोणी वाचणार, कोणी निवडणार, कोणी अभ्यास करणार, तिथे ती मधली जागा पोकळीसारखी जाणवत राहते. म्हणून देवघर, जेवणाचे टेबल, पलंगाच्या दोन बाजू, अशा जिथे मध्य खरोखरच कोणाचा तरी असतो तिथे सारखेपणा शोभतो, आणि अन्यत्र तो जाच करतो, असे माझे मत झाले. वकिलांकडून मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली, एक कोच खिडकीशी नेला, पडवीतल्या वेताच्या खुर्च्या आत आणल्या, एक दिवा खाली वाचणाऱ्याच्या खांद्याशी आणला, आणि या फेरफाराचा एक पैसाही घेतला नाही.

समतोलाचा दुसरा प्रकार, म्हणजे वडिलांच्या त्या सरकत्या वजनाचा प्रकार, मला पुढच्याच वर्षी शिकायला मिळाला. पुरात ज्यांचे घर गेले अशा पुष्कळ कुटुंबांना लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहतींतून आसरा मिळाला होता. नारायण पेठेतल्या एका वाड्यातून अशाच एका दोन खोल्यांच्या जागेत आलेले एक कुटुंब होते: वृद्ध आई, सरकारी दफ्तरात कारकून असलेला मुलगा, सून आणि दोन लहान मुले. वाड्यातले बहुतेक सर्व सामान वाहून गेले होते. चिखलात उताणे पडलेले एक शिसवी कपाट मात्र सापडले. ते आमच्याच कारखान्यात वाळले होते आणि त्याचे सांधे मी स्वतः पुन्हा बसविले होते. साडेसहा फूट उंच, चार फूट रुंद, चौघांना न हलणारे. आजी त्याला सोडायला तयार नव्हत्या, आणि पुढची खोली होती दहा फूट बाय बारा फुटांची. त्यांच्या मुलाने मला बोलावून सांगितले, "आईचं कपाट राहायला हवं आणि आम्हीही राहायला हवं. काही तजवीज करा."

कपाट बारा फुटी भिंतीच्या अगदी मधोमध ठेवलेले होते. दोन्ही बाजूंना चार-चार फूट भिंत उरत होती, आणि त्या दोन तुकड्यांपैकी एकातही धड काही मांडता येत नव्हते. खोलीत पाऊल टाकताच कपाट अंगावर आल्यासारखे वाटे. मी तीन दिवस तिथे जाऊन नुसता बसत असे. तिसऱ्या दिवशी वडिलांचे ते वाक्य आठवले, आणि हमाल बोलावून मी ते कपाट दाराच्या दिशेने फक्त एक फूट सरकविले. आता एका बाजूला तीन फूट राहिले, त्यात दाराची झडप उघडून बसू लागली. आणि दुसऱ्या बाजूला, खिडकीकडे, सलग पाच फूट भिंत मोकळी झाली. त्या मोकळ्या भिंतीच्या अगदी टोकाला, खिडकीचा उजेड जिथे तिरपा पडतो तिथे, एका ठेंगण्या घडवंचीवर पुराच्या गाळातून निघालेले पितळी घंगाळ ठेवले, आणि त्याच्या वर एक लहानशी तसबीर लावली. ती सूनबाईंनी दोसुतीवर टाक्याटाक्याने भरलेली होती. गेलेल्या वाड्याच्या चौकातले तुळशीवृंदावन तिच्यात होते.

या मांडणीचे गणित करून पाहता येते. भिंतीचा मध्य सहा फुटांवर. कपाटाचा मध्य आता त्यापासून एका फुटावर, आणि घंगाळ-तसबिरीचा मध्य विरुद्ध दिशेने पाच फुटांवर. दांडीच्या न्यायाने पाहिले, तर टेकूपासून पाच फुटांवर असलेले वजन एका फुटावरच्या पाचपट वजनाला तोलून धरते. डोळा हा काही वजनमापे खात्याने छाप मारून दिलेला काटा नव्हे, आणि त्याचा हिशेब फूट-इंचांत चुकता होत नाही. परंतु न्याय तोच चालतो. जड वस्तू मध्याच्या जवळ ठेवावी, हलकी वस्तू दूर न्यावी, आणि दोहोंच्या मध्ये मोकळी जागा राखावी. ती मोकळी जागा म्हणजेच दांडी. तिच्यावर एखादे कॅलेंडर, एखादी खुंटी, एखादे फडताळ टांगले की दांडीच तुटते. त्या दिवशी आजी कपाटाकडे पाहून म्हणाल्या, "मागे सरकलं का हे?" कपाट भिंतीपासून एक बोटही मागे गेलेले नव्हते.

घंगाळासारखी लहान वस्तू एवढ्या प्रचंड कपाटाला उत्तर कशी देऊ शकली, याचा विचार मी पुढे अनेक वर्षे करीत राहिलो. डोळ्याला जाणवणारे वजन केवळ आकारमानावर अवलंबून नसते. गडद रंग फिकटापेक्षा जड भासतो, तांबडा-केशरी निळ्या-करड्यापेक्षा आधी दिसतो. चकाकणारे धातू आणि काच, दाट नक्षी, खरखरीत पोत, हे सारे दृष्टी अडकवून ठेवतात आणि म्हणून आपल्या आकारापेक्षा अधिक भार टाकतात. मंद, काळपट, गुळगुळीत शिसवीच्या समोर चिंचेने घासलेले पितळ उन्हाच्या एका तिरिपेने जड झाले होते. दिवसा खिडकी ही खोलीतली सर्वांत वजनदार वस्तू असते, कारण ती सर्वांत उजळ असते, आणि रात्री तेच वजन दिव्याकडे जाते. म्हणून खोली सकाळी एकदा आणि दिवेलागणीला एकदा, अशी दोनदा पाहिल्याखेरीज मी कोणालाही नकाशा दिला नाही. पाहतानाही डोळे अर्धवट मिटून पाहावे, ही चित्रकारांची युक्ती मला फार उपयोगी पडली. पापण्यांच्या फटीतून वस्तूंची नावे पुसली जातात, फक्त उजळ आणि गडद असे डाग उरतात, आणि खोली कोणत्या बाजूला कलंडली आहे ते तत्क्षणी कळते.

आडव्या समतोलाइतकाच उभा समतोल महत्त्वाचा आहे, आणि तो आपल्या जुन्या घरांत फार समजूतदारपणे साधलेला होता. भिंतीच्या तळाशी गेरूचा पट्टा असे, त्याच्या वर चुन्याची पांढरी सफेदी. सारवताना उडणारे शिंतोडे पट्ट्यात लपत, ही त्यातली सोय. परंतु खाली गडद आणि वर फिके असल्यामुळे भिंत जमिनीत पाय रोवून उभी राहिल्यासारखी दिसे, हे त्यातले सौंदर्य. सोय आणि सौंदर्य यांची अशी एकाच पट्ट्यात गाठ पडलेली मी पुढे क्वचितच पाहिली. तीच गोष्ट कोनाड्यांची. वाड्यांतले कोनाडे आपल्याला ठेंगणे वाटतात, कारण आपण ते उभ्याने पाहतो. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाची दृष्टी सुमारे अडीच फुटांवर असते, खुर्चीवर बसलेल्याची पावणेचार फुटांच्या आसपास, आणि उभ्या माणसाची पाच फुटांच्या जवळपास. घरात खुर्च्या आल्या तेव्हा दृष्टी सव्वा फूट वर सरकली आणि तसबिरी, दिवे, फळ्या या सर्वांना तिच्यामागून वर जावे लागले. चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांवर असावा, हा उभ्याने पाहणाऱ्यांचा संग्रहालयी नियम मीही प्रमाण मानून चालत होतो. तो घरात कोणाच्या उंचीने लावायचा, हा प्रश्न मी स्वतःला पुरेसा विचारला नव्हता.

समतोलाचा तिसरा प्रकार म्हणजे एका बिंदूभोवती फिरणारा. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या प्रत्येक स्त्रीला तो बोटांनी ठाऊक असतो. ताटाभोवतीची महिरप, चौकातले वृंदावन, छताच्या मधोमध टांगलेली हंडी ही त्याचीच रूपे. मात्र त्या मध्यबिंदूशी काहीतरी घडत असावे लागते, मग ते भोजन असो, पूजा असो, की गोष्टी सांगणारी आजी असो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढे पुण्याच्या घराघरांतही ती पेटी आली, तेव्हा हा मध्यबिंदू पाहता पाहता बदलला. समोरासमोर असलेल्या खुर्च्यांनी एका भिंतीकडे तोंडे केली, आणि ज्या खोलीत चार माणसे एकमेकांकडे पाहात होती तिथे चौघेही एका काळ्या काचेकडे पाहू लागली. त्या वेळी झडपांच्या लाकडी कपाटात बसविलेले संच मिळत. झडप लावता येणारा संच घ्या आणि तो मधोमध न ठेवता बाजूला, पुस्तकांच्या फळीशेजारी ठेवा, असा सल्ला मी सर्वांना देत असे. काहींनी तो मानला. ज्यांनी मानला त्यांच्या घरी मी पाहुणा म्हणून गेलो, तेव्हा माझ्याशी कोणीतरी समोर बसून बोलत असे.

आणि अखेरीस पासंग. खोलीची मांडणी झाल्यावर काहीतरी किंचित चुकते आहे असे वाटते, तेव्हा लोक वस्तू आणायला बाजारात धावतात. मी प्रथम एक वस्तू बाहेर काढून पाहात असे. दहांपैकी सात वेळा तेवढ्याने काम भागे. उरलेल्या वेळी अगदी लहानसे काही पुरते: एखादा लाल खणाचा अभ्रा, कोपऱ्यातले मातीचे मडके, फळीवर आडवी ठेवलेली दोन पुस्तके. दोष झाकण्याकरिता भरलेल्या शोभेच्या वस्तू आणि दोष काढण्याकरिता ठेवलेली एकच वस्तू, यांतला भेद वडिलांनी मला सांगूनच ठेवला होता.

ही एवढी शिदोरी घेऊन मी बावीस वर्षे काम केले आणि या विद्येतले मुख्य ते आपल्याला समजले, असे मला वाटू लागले. १९८९ साली त्या कपाटवाल्या कुटुंबातल्या मुलाचे, म्हणजे तेव्हा लहान असलेल्या थोरल्या नातवाचे, बोलावणे आले. आजी पूर्वीच गेल्या होत्या. त्या वर्षी त्याचे वडीलही गेले. खिडकीशी त्यांची आरामखुर्ची असे. १९६७ साली मीच ती जागा त्यांना ठरवून दिली होती, कारण तिथून समोरची सारी भिंत, कपाट, मोकळी जागा, घंगाळ आणि तसबीर, एका दृष्टीत येत असे. कार्य आटोपल्यावर मुलांनी ती खुर्ची गच्चीवर नेऊन ठेवली होती. "खोली एकदम ओकीबोकी वाटते," तो म्हणाला. "आईला तिथं काहीतरी करून द्या."

मी आत जाऊन पाहिले. एवढी हलकी वेताची खुर्ची गेली होती, पण सारी खोली कपाटाच्या बाजूला ओढली गेल्यासारखी दिसत होती. मी सवयीप्रमाणे डोळे अर्धवट मिटले, टेप काढला, आणि त्या कोपऱ्यात एखादे पितळी कुंडीतले झाड किंवा उंच दिवा बरा दिसेल, असे बोलू लागलो. त्याची आई, म्हणजे ती तसबीर भरणाऱ्या वहिनी, दारात उभ्या होत्या. त्यांचे मत घ्यावे म्हणून, आणि खरे सांगायचे तर केवळ उपचार म्हणून, मी त्यांना विचारले, "वहिनी, तुम्ही कुठं बसता?"

त्या क्षणभर थांबल्या. "मी? मी आत बसते. दिव्याखाली." मग त्यांनी खिडकीकडे पाहिले. "उजेड इथं चांगला आहे. पण इथं त्यांची खुर्ची होती ना."

त्यांच्या स्वरात तक्रारीचा लवलेशही नव्हता, आणि म्हणूनच ते शब्द मला अधिक लागले. घरातली नाजूक टाक्यांची कामे ज्या हातांनी होत होती, ते हात बावीस वर्षे आतल्या खोलीत चाळीस वॉटच्या दिव्याखाली सुईत दोरा ओवीत होते, आणि खोलीतला सर्वोत्तम उजेड मी सकाळच्या वर्तमानपत्राला बहाल केला होता. माझी मोजमापे चुकली नव्हती. एक फूट आणि पाच फूट हा हिशेब बरोबरच होता. पण तराजूला टेकू कुठे द्यायचा, म्हणजे ही खोली कोणाच्या डोळ्यांनी तोलायची, हे मी एका माणसाला पाहून ठरविले आणि दुसऱ्या माणसाला कधी विचारलेच नाही. सोप्याच्या मधल्या खणात बसलेला कर्ता पुरुष मी वाड्यातून त्या दोन खोल्यांत आणून बसविला होता.

मी टेप खिशात ठेवला आणि खिडकीशी जमिनीवर मांडी घालून बसलो. तिथून कपाट फार उंच दिसत होते, आणि तसबिरीकडे पाहायला मान वर करावी लागत होती. वृंदावनाचा आकार कळत होता, टाके दिसत नव्हते. झाड आणि दिवा यांचा विचार मी सोडून दिला. पुढच्या आठवड्यात नऊ इंच उंचीचा एक रुंद पाट करून आणला, त्यावर गादी घातली, उजेड डाव्या खांद्यावरून यावा अशा रीतीने तो खिडकीशी तिरपा लावला, आणि आतल्या खोलीतली त्यांची दोऱ्यांची पेटी त्याच्या शेजारी ठेवली. पापण्या अर्धवट मिटून पाहिले. खोली सावरली होती. राहिली ती तसबीर. तिचा मध्य मी पावणेपाच फुटांवरून साडेतीन फुटांवर, म्हणजे सव्वा फूट खाली आणला, ओळंबा धरून नवा खिळा ठोकला, आणि जुन्या खिळ्याचे भोक चुन्याने बुजविले.

त्यानंतर मी कोणत्याही घरी गेलो, की टेप काढण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाला, मुलांना, म्हाताऱ्यांना, स्वयंपाकघरातून बाहेर न येणाऱ्या बाईलाही, तुम्ही कुठे बसता, हे विचारू लागलो, आणि त्या प्रत्येक जागी पाच-दहा मिनिटे स्वतः बसू लागलो. पुष्कळ घरांत कोणीतरी असे निघे, की ज्याला त्या प्रश्नाचे उत्तर देता येत नसे. काम तिथूनच सुरू करायचे असते.

त्या दिवशी सर्व मांडून झाल्यावर वहिनी पाटावर जाऊन बसल्या. त्यांनी पदर सावरला, समोर पाहिले आणि बराच वेळ पाहात राहिल्या. मग किंचित पुढे वाकून म्हणाल्या, "वृंदावनाच्या पायरीत एक टाका चुकलाय. इतकी वर्षं दिसलाच नव्हता."

मी चौकट उतरवून देऊ का, असे विचारले.

"नको," त्या म्हणाल्या. "राहू दे." आणि खिडकीच्या उजेडात सुई धरून दोरा ओवू लागल्या.